बंद डब्यातील बिस्किटांचे बाष्पीभवन

मधुमेही माणूस कधी खोटे बोलत नाही. आमच्या मधुमेह व संप्रेरक संशोधन केंद्राचे सारे काम याच पायावर उभे आहे, आणि पाया तपासायला वाकायचे म्हटले तर डॉक्टरसाहेबांची कंबर धरते.

केंद्राने दोनशे बारा रुग्णांना एकेक वही दिली. जे खाल ते लिहा, खाली सही करा. सहा महिन्यांत सर्वांनी मिळून चार चमचे साखर खाल्ली (पैकी एक पाहुण्यांच्या आग्रहाखातर). रक्तातली साखर मात्र सगळ्यांचीच वाढली. आता सही केलेला कागद खोटा कसा असेल? तेव्हा साखर तोंडाखेरीज अन्य मार्गाने शरीरात शिरते, हे उघड झाले आणि मार्ग शोधायला समिती नेमली गेली.

समितीने पाच रुग्णांना बिस्किटांच्या बंद डब्यासमोर बसवले. निरीक्षक फोन घ्यायला बाहेर गेले. परत येऊन बघतात तो अकरा बिस्किटे कमी आणि पाचही जणांची साखर जास्त (एकाच्या मिशीला चुरा होता, पण मिशी अभ्यासाच्या कक्षेत येत नव्हती). बिस्किटांचे बाष्पीभवन होऊन ती श्वासावाटे आत जातात, असा निष्कर्ष निघाला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, अहवाल टाइप करायचे काम माझ्याकडेच आहे.

ते मिशीवाले माझे मामा. त्यांची वही इतकी सोज्वळ, की केंद्राने ती काचेच्या कपाटात ठेवली. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी, रात्री उरलेली काकडी. फक्त पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरेना. "महिन्यात साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"काढा की. दुसरा आहे," मामा म्हणाले.

मामींनी घरी वेगळीच वही ठेवली होती. 'दहा वाजता केक, उभ्याउभ्या. साडेदहाला उरलेला केक, वाया जाऊ नये म्हणून.' ती वही घेऊन त्या केंद्रात आल्या. समितीने नम्रपणे कळवले, की मामींना स्वतःला मधुमेह नाही, सबब त्यांचे म्हणणे ग्राह्य नाही.

"अहो, बायको आहे मी त्यांची!"

(इतिवृत्तात हे 'हितसंबंध' म्हणून नोंदवले आहे.)

नुसत्या काकडीवर साखर इतकी चढते म्हटल्यावर मामांचे इन्सुलिन वाढवले. मग आणखी वाढवले. शेवटी अंगठ्याच्या धास्तीने म्हणा, मामींच्या रडण्याने म्हणा, मामांनी एक दिवस खरोखरच नुसती काकडी खाल्ली. दुपारी केंद्रातच घामाघूम होऊन ते खाली बसले, हातपाय लटलटायला लागले. साखर पार तळाला! शुद्धीवर होते म्हणून बरे. डॉक्टरसाहेबांच्या खणात साखरेची पुडी निघाली (साहेबांनाही मधुमेह आहे, त्यांचीही वही सोज्वळ आहे). सोबत आलेल्या मामींनी ती पाण्यात ढवळून मामांना पाजली.

खरे वागणे प्रकृतीस अपायकारक आहे, असा समितीने ठराव केला आणि मामांना अभ्यासातून काढून टाकले. त्यानंतर डॉक्टरसाहेबांनी दार लावून मामींची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, डोस बदलला. मामींनी केक बंद केला. अंगठा वाचला. (याची नोंद कुठेही नाही.)

तर सध्या आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. अर्जात एकच वाक्य आहे: 'मी गोड फारसे खात नाही, कधीतरी चवीपुरते.' वाचताना मान डोलावलीत ना? मग करा सही. फक्त तुमच्या घरातली दुसरी वही कोण लिहिते, तेवढे आम्हाला आधी कळवा.