हलते बाकडे आणि चतुराबाईंचा प्रश्न

वाचकहो! घरबसल्या चित्रपट केवळ डोळ्यांनी नव्हे, तर सर्वांगाने अनुभवता यावा, असे गरिबाला परवडणारे बाकडे मी कसे निर्माण केले, आणि त्यापायी एका माउलीचे गावी जाणे कसे राहून गेले, याचे सत्य निवेदन मी पुढे सादर करीत आहे.

मी वाळूजच्या एका कारखान्यात ड्रिल मशीनवर काम करतो. नामांतराच्या प्रश्नावरून शहरात मोर्चे, बंद आणि संचारबंदी यांचे सत्र चालू असल्याने टॉकीजला जाणे धोक्याचे झाले होते. तेव्हा टॉकीजच घरी आणण्याचा मी संकल्प केला! जुन्या टेबलफॅनची मोटर बाकड्याखाली आवळली, तिच्या दांड्यावर एका अंगाला जड नट बसविला, आणि दारावरच्या घंटीचे बटण तिला जोडून स्वतःच्या हाती ठेवले. पडद्यावर घोडे उधळले की बटण दाबावे, बाकडे थरथरावे!

रविवारी दुपारी व्हीसीआर भाड्याने आणला. बाकड्यावर मानाच्या जागी माझ्या सासूबाई पुतळाबाई बसल्या. गावी असताना त्यांच्या अंगात देव येत असे. शहरात आल्यापासून मात्र तो एकदाही आला नव्हता. बहुधा त्यालाही संचारबंदी लागू असावी.

शेजारच्या चतुराबाईही आल्या होत्या. मागील वर्षी गडबड झाली, त्या दिवशी त्यांचा एकुलता एक मुलगा बद्रीनाथ पाळी संपवून कारखान्यातून निघाला, तो घरी पोहोचलाच नाही. चौकीत नाही, दवाखान्यात नाही. आता त्यांना पैठणला कायमचे नेण्यासाठी त्यांचे बंधू नानासाहेब बोचकी बांधून आले होते.

"अक्का, पाचची यष्टी हाय. पिच्चर बघ आन् चल."

"आन् त्यो आला तर? दाराला कुलूप बघून कुठं जाईल माझं लेकरू?"

इतक्यात घोडे उधळले. मी बटण दाबले. बाकडे हिवताप भरलेल्या म्हशीसारखे थडथडू लागले! मी बोट उचलले, पण बटण आतच अडकले! सासूबाईंचे दात वाजू लागले, अंबाडा सुटला, मान खाली-वर होऊ लागली.

"देव आला! आईच्या अंगात देव आला!" माझी पत्नी मंजुळा ओरडली. "आवं, बघता काय? भंडारा आना!"

"अगं, देव नाय, मोटर..."

"गप बसा! देवाम्होरं मोटर काढता व्हय?"

तोवर कुणीतरी सासूबाईंचे कपाळ हळदीने माखले होते, आणि चतुराबाई पदर पसरून समोर बसल्या होत्या.

"देवा, माझा बद्री जिता हाय का?"

मान खाली-वर, खाली-वर!

नानासाहेबांनी हात जोडले.

"मग म्या पैठणला जाऊ का?" चतुराबाईंनी पुढे विचारले.

नेमक्या त्याच क्षणी मी भिंतीतून मोटरची पिन उपटली. सासूबाई दगडासारख्या स्तब्ध झाल्या.

"नगं म्हनतोय!" सर्वजण एकदम म्हणाले.

नानासाहेब बोचकी तिथेच ठेवून एकटे यष्टीला गेले. सासूबाई आठ दिवस कंबर शेकीत म्हणत राहिल्या, "औंदा लई जोरात आला गं!" आणि चतुराबाई रोज दोन माणसांच्या भाकरी थापू लागल्या.

त्या जादा भाकरी मला पाहवेनात. अखेरीस मी त्यांना घरी बोलावून सर्व कबूल केले. "मावशी, देव नव्हता. मोटर व्हती. बटन माझ्या हातात व्हतं."

त्यांनी बाकड्याकडे पाहिले. मग त्यावर जाऊन बसल्या.

"दाब."

"मावशी, आता सांगितलं ना..."

"कळलं मला. तू दाब."

मी दाबले. बाकडे हलले नाही. वीज गेली होती!

"मावशी, लाइट गेलीय."

"मग बसते की. आल्यावर बाकडं सांगंल."

त्या बसून राहिल्या. बटणावर बोट ठेवून मी मागे उभा राहिलो. वीज नेहमी मिनिटभरात येते; त्या दिवशी ती दोन तास आली नाही, आणि तिच्या खात्याचे इतके उपकार मी आयुष्यात कधी मानले नव्हते. ती आल्यावर मी काय केले, हे कृपया विचारू नये.

इथवर वाचण्याचे कष्ट घेतलेत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
कडुबा मल्हारराव शिंगाडे, वाळूज