चारचौघांपैकी चौथी

पिंपळदऱ्याचे चारचौघे बसस्थानकामागे, खतविक्री संघाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसत. वेळ साडेदहा ते पाच, एक ते दोन जेवणाची सुट्टी, सोमवारी बंद. नवऱ्या मुलीनं लग्नात चष्मा लावावा का, बायकोनं स्कूटर चालवावी आणि नवऱ्यानं मागं बसावं का, असं काही अडलं की कोऱ्या कागदावर अर्ज करायचा आणि चारचौघे काय म्हणतात ते लेखी घेऊन यायचं, अशी गावात सोय होती.

त्या सोयीचा फायदा कुणी फारसा घेत नसे. चारचौघे काय म्हणतील हे सगळ्यांना घरबसल्या माहीत होतं. मग जिना चढायचा कशाला?

मालन खरवडे मात्र जिना चढली. तिचं वय त्रेचाळीस. मुलगी सासरी गेल्यावर तिनं गावातल्या महाविद्यालयात बी.ए.ला नाव घातलं होतं. प्रवेशाच्या खिडकीतल्या कारकुनानं विचारलं होतं, “मावशी, इतिहास की समाजशास्त्र?”

“समाजशास्त्रात काय असतं?”

“माणसं एकमेकांशी अशी का वागतात, ते.”

“ते पुस्तकात असतं?” मालनला फार नवल वाटलं. “मग तेच द्या.”

आता ती तिसऱ्या वर्षाला होती आणि प्रकल्पाचा विषय ठरवायचा होता. वर्गातल्या चौदा जणांनी ‘मोबाइलचा तरुणांवर होणारा परिणाम’ घेतला. मालन उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मी चारचौघे घेऊ का?”

पोरं हसली. गजभिये सर हसले नाहीत. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

“खरवडे बाई, वीस वर्षं शिकवतोय मी. सगळे त्यांचा दाखला देतात, भेटायला कुणी जात नाही. घ्या तुम्ही. पंधरा दिवस सहभागी निरीक्षण करा. म्हणजे त्यांच्यात बसायचं, उठायचं, चहा प्यायचा, पण मत द्यायचं नाही. मत दिलं की तो अभ्यास राहत नाही, शेजार होतो. आणि शेवटी चौघांच्या सह्यांचं प्रमाणपत्र आणा. त्याशिवाय प्रकल्प धरणार नाही. प्रकल्प नाही तर पदवी नाही, हे लक्षात ठेवा.”

वरच्या खोलीत भिंतीला लागून चार खुर्च्या होत्या आणि तिघे बसले होते. निवृत्त तलाठी कुलथे नोंदवही सांभाळत. शेख मास्तरांचं पूर्वी शिवणकामाचं दुकान होतं. अजूनही ते येणाऱ्याच्या खांद्याकडे आधी बघत. तिसऱ्या निकमकाकू. त्या मेथी निवडत होत्या.

“चौथे कुठं गेलेत?” मालननं विचारलं.

“हरिभाऊ ना? दोन वर्षं झाली. लेकीकडे इंदूरला गेले ते तिथंच राहिले,” काकू म्हणाल्या. “आता तिथले चारचौघे त्यांना काय म्हणतात कोण जाणे.”

“मग इथलं काम कसं चालतं?”

“चालत नाही,” कुलथे म्हणाले. “एक बोलला तर ते मत. दोघं बोलले तर गप्पा. तिघं बोलले तर कुजबुज. चौथा असल्याशिवाय म्हणणं होत नाही. नियमच आहे.”

मालननं वही उघडली. “म्हणजे दोन वर्षांत चारचौघे काहीच म्हणाले नाहीत?”

“चकार शब्द नाही,” शेख मास्तर म्हणाले.

“पण मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या शोभानं गॅदरिंगचं नाटक सोडलं. चारचौघे काय म्हणतील म्हणून!”

कुलथ्यांनी वही चाळून पाहिली. “शोभा नावाचा अर्ज नाही.”

“लोक घरीच धरून चालतात, बाई,” काकू म्हणाल्या. “आम्ही काय करणार?”

मालननं ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढचे तीन दिवस तिनं जुन्या नोंदवह्या वाचल्या. चाळीस वर्षांत चारचौघांनी एकदाही धड उत्तर दिलं नव्हतं. ‘अस्सं’, ‘बरं बरं’, ‘बघा बुवा’ आणि ‘आम्हाला काय म्हणायचंय’, एवढ्यावर सगळं भागलं होतं. काही ठिकाणी चौथा रकाना कोराच होता. तिनं चार-चारदा शोधलं, पण ‘नको’ हा शब्द तिला कुठंच सापडला नाही.

“नको कशाला म्हणायचं?” काकू म्हणाल्या. “अस्सं पुरतं.”

चौथ्या दिवशी प्रमाणपत्राचा विषय निघाला. सह्या चौघांच्या हव्या होत्या आणि माणसं तीन होती. कुलथ्यांनी नियमांचं पान काढलं. चौथ्याचं गावात वीस वर्षं वास्तव्य पाहिजे, आणि शेजारच्या दोरीवर काय वाळत घातलंय ते त्याला न बघता सांगता आलं पाहिजे.

“आज सकाळचं सांगा,” ते मालनला म्हणाले.

“दोन टॉवेल, एक शाळेचा गणवेश आणि निळा अभ्रा. अभ्रा कालपासूनच आहे.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “बसा,” कुलथे म्हणाले.

मालननं सरांना फोन लावला. “बसा की,” सर म्हणाले. “सहभागात ते आलंच. फक्त मत देऊ नका.” मग ती बसली.

सहाव्या दिवशी दगडू सोनटक्के अर्ज घेऊन आला. तो टेम्पो चालवायचा. त्याची मुलगी प्रणाली बारावी झाली होती आणि तिला शहरातल्या कॉलेजात, वसतिगृहात राहून, समाजशास्त्र शिकायचं होतं.

“तुम्ही वर का आलात?” कुलथ्यांनी रीतसर विचारलं. “घरी धरून चालता आलं नाही?”

“प्रयत्न केला, साहेब. नर्सिंगला तुम्ही काय म्हणाल ते मला माहितीय, डी.एड.लाही माहितीय. पण आमच्या आळीत समाजशास्त्राला कुणी गेलेलंच नाही. त्यामुळं तुम्ही काय म्हणाल तेच सुचेना. आणि परवा फॉर्मची शेवटची तारीख.”

अर्ज वाचला गेला. कुलथे म्हणाले, “अस्सं.” शेख मास्तर म्हणाले, “समाजशास्त्र? बरं बरं.” काकू म्हणाल्या, “बघा बुवा.” मग सगळे मालनकडे बघू लागले.

मालन गप्प बसली. मत द्यायचं नव्हतं. सरांनी दोनदा सांगितलं होतं.

सोनटक्केचा चेहरा हळूहळू उतरला. त्यानं अर्जाची घडी घातली. “कळलं,” तो म्हणाला. “नको म्हणताय.”

“अहो, त्या अजून काही बोलल्याच नाहीत,” शेख मास्तर म्हणाले.

“तेच तर, मास्तर. त्या काहीच बोलल्या नाहीत.”

नोंदवहीतले ते कोरे रकाने मालनच्या डोळ्यांपुढे आले. त्या प्रत्येक कोऱ्या जागेपुढं ‘अर्ज मागे घेतला’ असं लिहिलेलं होतं. त्या खुर्चीत बसून मत न देण्याची सोयच नव्हती. बोललं तर प्रकल्प जाणार, त्याबरोबर पदवी जाणार. न बोललं तर ती मुलगी घरी राहणार. सोनटक्के उठला, दाराकडे वळला. मालनला खरं तर मत असं काही सुचत नव्हतंच. तिला एकच गोष्ट मघापासून कळत नव्हती, आणि तीच तिच्या तोंडून बाहेर पडली.

“तिला त्यात काय आवडतं?”

सोनटक्के थांबला. “कुणाला?”

“प्रणालीला.”

“ते नाही विचारलं.”

“का?”

“आधी तुमचं काय ते बघावं म्हटलं.”

कुलथे वहीत शोधत होते. “प्रश्नाला रकाना नाही,” ते म्हणाले.

“समासात घ्या,” शेख मास्तर म्हणाले.

सोनटक्के गेला तो साडेचारला परत आला. “काय सांगू! माणसं घरात एक बोलतात आणि दारात दुसरंच, ते कोण ठरवतं ते शोधायचंय म्हणते. दोन तास बोलत होती. आम्ही जेवायचे राहिलो. ही एवढं बोलते, हे मला माहीतच नव्हतं.” त्यानं घडी घातलेला अर्ज पुन्हा उलगडला. “फॉर्म भरतो म्हणालो मी तिला. आता तुमचं म्हणा.”

“मग आम्हाला काय म्हणायचंय?” काकू म्हणाल्या. कुलथ्यांनी शिक्का मारला.

मालननं खाली येऊन सरांना फोन केला आणि झालं ते सगळं सांगितलं.

“प्रश्न विचारलात?” सर म्हणाले. “मत नाही दिलं?”

“नाही सर. पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.”

मालननं जिन्याचा कठडा धरून ठेवला. “जाणून घ्यायचं असेल तर चालतं,” सर म्हणाले. “पण लपवू नका. वेगळं प्रकरण करून लिहा.”

पंधराव्या दिवशी प्रमाणपत्रावर सह्या झाल्या. खरवडे मालन भास्कर हिनं आमचा अभ्यास केला, असं त्यात होतं, आणि चौथी सही मालननंच केली. मग तिनं पिशवी उचलली.

“चौथा उठला की म्हणणं परत कुजबुज होतं,” कुलथे वहीतून डोकं वर न काढता म्हणाले.

“प्रणालीचंसुद्धा?”

“सगळ्यांचंच. ती पदवीधर होईपर्यंत खुर्ची धरून बसावं लागेल. तीन वर्षं.”

मालननं पिशवी खुर्चीखाली ठेवली.

त्या संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, भास्कररावांनी, विचारलं, “मग मी आता बनियनवर ओट्यावर बसू की नको?”

“अर्ज करा,” ती म्हणाली.

मालन बी.ए. पास झाली. त्यानंतरही ती रोज साडेदहाला वर जात असे. ऑगस्टमध्ये एका मंगळवारी तिच्याच गल्लीतली लीला घोडके जिना चढून आली. रोज नळावर तिला ‘ए मालने’ म्हणून हाक मारणारी लीला डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, “अहो, पेटी शिकावी म्हणते. पन्नाशीत. चारचौघे काय म्हणतील?”

कुलथे म्हणाले, “अस्सं.” शेख मास्तर म्हणाले, “बरं बरं.” काकू म्हणाल्या, “बघा बुवा.”

“तुला काय वाटतं, लीला?” मालननं विचारलं.

लीलानं मागं वळून पाहिलं, हे कुणाला विचारलं म्हणून. मागं कुणी नव्हतं. कुलथ्यांनी समासात थोडी जागा मोकळी ठेवली आणि चौघं थांबले.