खळ ओली असताना शिटी

धोंड्याच्या महिन्यात जावयानं सासरी यावं, अनारसे हाणावेत, नवं धोतर घ्यावं आणि दुपारी घोरावं. आमचे श्रीमंतराव आले ते गळ्यात शिटी अडकवून! शाळेत ड्रिलमास्तर आहेत ना. पोरं ऐकतात, म्हणून सासूनंही ऐकावं, असं त्यांना वाटतं.

आमचा घोंगड्यांचा कारखाना म्हणजे पत्र्याखाली चार माग. तीस वर्षं मी एकटी चालवते. माझ्यापुढं कुणाची कंबर दुखायची टाप नाही! पण त्या दिवशी आमचा विणकर बिरप्पा मागाच्या खड्ड्यातनं उठताना कण्हला, आणि नेमकं जावयानं ऐकलं.

"मामी, दर तासाला पाच मिनिटं कवायत. दुखणं जाईल, ताकद येईल!"

"माणसं दिसभर हात हलवत्यातच की!"

"तो व्यायाम नव्हे, मामी. ती झीज."

झीज! खडूपेक्षा जड काही न उचललेला माणूस मला झीज सांगतो! पण धोंड्याचा जावई म्हणजे देवाच्या जागी. म्हटलं, फुंका शिटी.

दोन दिवस शिट्या वाजल्या. माणसं रांगेत उभी राहून माना अशा फिरवायची, जशी कोंबडी दाणे शोधते! बिरप्पा म्हणाला, "आक्का, लई हलकं वाटतंय." मी म्हटलं, "कामच करंनास, हलकं वाटंल न्हाय तर काय!"

तिसऱ्या दिवशी बिरोबाच्या पुजाऱ्याच्या घोंगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगणात लांब ताणला होता. हे घोंगडं दरसाल आमच्याकडनंच जातं, माझ्या आजेसासूपासनं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताणा मागावर चढला नाही, तर तो मान धुळाप्पाच्या कारखान्याला जाणार होता. बिरप्पा आणि कामाला असलेली केराबाई कुंच्यानं चिंचोक्याची खळ लावत होते. खळ ओली आहे तोवर कुंचा थांबवायचा नसतो. थांबला की धाग्याला धागा चिकटून ताण्याचा पापड होतो. आमच्याकडं रांगतं पोरही हे जाणतं.

आणि शिटी वाजली!

कुंचे खाली. सगळे ओळीत. हात वर, डोळे मिटलेले, डावीकडं झोका, उजवीकडं झोका. मी ओरडले, "आरं, खळ!" जावई म्हणाले, "मामी, मध्ये बोलायचं नसतं!"

तेवढ्यात कुडाच्या पलीकडनं शेजारच्या बसम्मानं पाहिलं. "अगं बया! समद्यांच्या अंगात आलं की!" ती पळाली, आणि भंडारा, ढोल आणि निम्मी गल्ली घेऊन आली!

"देव न्हाय गं, कवायत हाय!" मी घसा फोडला. ऐकतंय कोण? ढोल वाजला. बिरप्पाच्या अंगात दर जत्रेला येतंच. ढोल ऐकल्यावर तो कसला थांबतोय? घुमायला लागला! जावयानं शिटी फुंकली, तसा तो आणखीच घुमला. गल्लीतला म्हातारा शरणप्पा पाया पडून विचारतोय, "देवा, माजी शेळी कुटं हाय?" शेवटी बिरप्पा देवळाकडं निघाला आणि त्याच्यामागं सगळी माणसं, केराबाईसुद्धा. अंगणात उरलो आम्ही दोघं, भंडाऱ्यानं अंगभर पिवळे, आणि वाळून कडक झालेला देवाचा ताणा.

मी पाण्याची घागर आणली. "बसा."

"मी?"

"मग काय देव येणार हाय?"

पाणी मारायचं, चिकटलेला एकेक धागा सोडवायचा, कुंचा फिरवायचा. वाकून. एका टोकाला मी, एका टोकाला ड्रिलमास्तर. दिवे लागायच्या आधी शेवटचा धागा सुटला. मान राहिला!

मी उठले. जावई उठेनात. लेक धावत आली, तेल चोळलं, तरी माणूस कोयत्यासारखा वाकलेला!

"मामी… कंबर… धरली हो!"

आता खरं लिहिते. दोन दिवसांपासनं मीही दाराआड मान फिरवून पाहत होते, आणि खांदा सैल झाला होता. पण हे जावयाला कोण सांगतंय? धोंड्याचा महिना गेला खड्ड्यात, म्हटलं आणि त्यांच्यापुढं उभी राहिले.

"जावईबापू, आज तुमची कंबर दुकली, आजपास्नं तुमी मास्तर झालात. उद्या खुशाल शिटी वाजवा. पन आदी मला इचारा, खळ वाळली का म्हणून!"