साळवे सर आणि टर्नरची जागा

हे मी आजवर घरीसुद्धा बोललो नाही. साळवे सरांशी मी खोटं बोललो, आणि सरांनी ते खरं मानलं.

साळवे सर आमच्या शाळेत कार्यानुभव शिकवतात. मी तिथला क्लार्क. सरांच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर कॅलिपर असतो. कँटीनची इडली ते आधी मोजतात, मग खातात. "कालच्यापेक्षा दोन मिलिमीटर बारीक हाय. मालक, पीठ कुठं चाललंय?" मुख्याध्यापकांच्या टकलाचा व्यास तर त्यांनी भर मीटिंगमध्ये नुसत्या नजरेनं सांगितला होता.

दहावीचा निकाल लागला की सर वर्गावर्गातून बजावत फिरतात, "कॉलेजला जा नायतर आयटीआयला जा, पण घरी बसायचं नाय." ऑनलाइन अर्ज भरायचं काम माझं. गेल्या वर्षी दहावी झालेल्या प्रज्ञानं पहिली पसंती सांगितली टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातायचं काम. लेथ शिकायचं आणि शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंपनीत लागायचं. मी मनात म्हटलं, पोरीची जात, लेथवर कशाला? तिला न विचारता शिवणकाम वर टाकलं आणि अर्ज कन्फर्म केला. तिचं भलंच करतोय असं वाटलं मला.

अर्ज दुरुस्तीच्या शेवटच्या दिवशी साडेचारला सर धापा टाकत ऑफिसात आले. मागं दारात प्रज्ञा.

"बाबू, हिला शिवणकाम कसं काय? आयटीआयवाले म्हणतात, क्लार्कनं चूक लेखी दिली तर पाचच्या आत बदलू. तुझ्याकडून झालं का? झालं तर झालं, मी काय फाशी देतो का तुला?"

प्रज्ञा माझ्याकडंच बघत होती. माझ्या हातात पेन होतं.

"नाय सर. सर्व्हरचा घोळ असंल."

"बरं. तू नाय म्हणतो म्हंजे नायच."

सर स्कूटरवरून परत आयटीआयला गेले. "तुमच्या त्या सर्व्हरला बाहेर बोलवा, मी बोलतो त्याच्याशी," म्हणत खिडकीपाशी अडून बसले. लोक हसले. पाच वाजले, टर्नरची जागा गेली.

आठवड्यानं सहीसाठी त्यांच्या खोलीवर गेलो. सर एकटेच राहतात. कोपऱ्यात एक नवा लाकडी पाट होता, रंधा मारून गुळगुळीत केलेला.

"लेथ असतोय बाप्यांच्या उंचीचा," सर म्हणाले. "प्रज्ञाचं कोपर साडेतीन इंच खाली येतं. उभं राहायला केला होता." मग पाटावरची धूळ हातानं पुसली. "आता ह्याच्यावर कुंडी ठिवू का, बाबू?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

निघताना म्हणाले, "पुढल्या वर्षी बी फॉर्म तूच भर. तुझ्याएवढं काळजीनं कोण भरतंय?"

प्रज्ञा आज शिवणकामाच्या वर्गात आहे. चूक माझी होती, हे तिला आणि सरांना सांगणं आणि शाळेला लेखी देणं, अजून बाकी आहे.