हूं-बंदीचा ठराव

"हूं म्हणत जाजो वं, सूनबाई. कहाणी आंधळी रायते, हूंच्या काठीनं चालते. काठी काढली का तिथंच बसते बिचारी."

हे माझ्या सासूबाईंचे, गोदावरीबाईंचे शब्द. लग्नानंतर शुक्रवारच्या कहाणीला मुठीत अक्षता घेऊन मी पहिल्यांदा बसले, त्या दिवशीचे. मोठी माणसं बोलत असताना गप्प बसावं असं माहेरी शिकवलं होतं, म्हणून मी गप्प होते. कहाणीतला राजा शिकारीला निघाला होता, तो वेशीपाशीच उभा राहिला. माझ्या हूंवाचून त्याला पुढे जाता येईना.

मनुष्यप्राणी अन्नावाचून काही दिवस आणि पाण्यावाचून काही प्रहर राहू शकतो. पण आपलं कोणी ऐकतं आहे या समजुतीवाचून तो घटकाभरही राहिल्याचं ऐकिवात नाही. (मी सोमवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या धरते. त्यामुळे विधानाच्या पहिल्या भागाची खात्री मी स्वतः देऊ शकते.) असं असूनही या विषयाकडे शासनाचं लक्ष जायला शहात्तर साल उजाडावं लागलं.

त्या साली देशात सगळ्याच गोष्टींचं नियोजन चाललं होतं. (त्यांतल्या काही बायकामाणसानं लिहू नयेत. शिबिराला गेलेल्या पुरुषांना एकेक बादली मिळाली, एवढंच सांगते.) आमचं गाव सानगडीच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी एक, लहान, पण मागं राहणारं नव्हे. पंचायतीच्या भिंतीवर 'बोलणे कमी, काम जास्त' असं गेरूनं लिहिलं गेलं. रंगवणाऱ्यानं 'बोलणे' इतकं मोठं काढलं की 'काम'ला जागा उरली नाही. ते कोपऱ्यात, मोरीच्या वर आलं. पण गावाला अर्थ कळला. मधुकररावांना तर सर्वांच्या आधी कळला.

मधुकरराव सोसायटीचे सचिव आणि गावातले एकमेव वक्ते. बोलणं कमी कसं करावं यावर ते सलग दोन तास बोलले, आणि त्या भाषणातून 'कथा नियोजन उपसमिती' जन्माला आली. उपसमिती महिनाभर दारोदार हिंडली. गावात चार प्रकारच्या गोष्टी सांगितल्या जातात, असं तिनं शोधून काढलं.

पहिली, व्रताची कहाणी. हिच्यात देव रागावतो, माणूस उतायचा-मातायचा थांबतो, मग देव हंडाभर मोहरा देतो. मोहरांमुळे कष्टाची वृत्ती कमी होते, असा अभिप्राय पडला. (मला अजून हंडा मिळालेला नाही. पण मी मागितलेलाही नाही, तेव्हा हा पुरावा धरू नये.)

दुसरी, वाघाची. नागझिऱ्याचं जंगल फार लांब नाही, म्हणून आमच्याकडे प्रत्येक घरात एकेक आजोबा वाघासमोर उभे राहिलेले असतात. उपसमितीनं सर्व आजोबांच्या वाघांची बेरीज केली. ती जंगलाला पेलण्यासारखी नव्हती, आणि त्यांतले निम्मे वाघ एकाच नाल्यावर एकाच संध्याकाळी पाणी पीत होते.

तिसरी, सोयरिकीची. हिच्यात प्रत्येक मुलगा नोकरीवर असतो आणि धानाची प्रत्येक बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, तलावाखालची, हमखास पाण्याची असते.

चौथी, वाट पाहण्याची. हिच्यात काही घडत नाही, ती दर वेळी तीच असते आणि तिला शेवट नसतो. हिच्यापुढे 'निरुपयोगी' असं लिहून खाली दोनदा रेघ मारली गेली.

(पाचवी एक असते. ती जीपमधून येते आणि धूळ खाली बसायच्या आत निघून जाते. अहवालात तिचा उल्लेख नाही. मी माझ्या जबाबदारीवर घालते आहे.)

चौथ्या प्रकारची गोष्ट गावात एकच बाई सांगे. आमच्या शेजारची मंदाबाई. तिचा एकुलता डोमा धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपून भिलाईकडे बांधकामावर गेला. जाताना म्हणाला, "मा, रोवण्याले येतो." रोवणा म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी. कोणत्या रोवण्याला, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. त्यानंतर दोन रोवणे उलटले होते. दर शुक्रवारी कहाणी झाली की गूळ-फुटाणे वाटायच्या आधी मंदाबाई आपली गोष्ट सांगे, आणि माझ्या सासूबाई तिला हूं देत. सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मंदीले हूं देत रायजो वं. मी नाही म्हणून तिची गोठ अडाले नाही पायजे."

मी होय म्हटलं. (तिथं हूं चाललं नसतं. वचनाला होय लागतं, गोष्टीला हूं. हा फरक उपसमितीला ठाऊक नव्हता.)

मधुकररावांचा युक्तिवाद बिनतोड होता. तोंड ज्याचं त्याचं, तेव्हा गोष्टी बंद करता येत नाहीत. पण दिवा विझवायला वात कापावी लागत नाही, तेल बंद केलं तरी पुरतं. गोष्टीचं तेल हूं. शिवाय हूं म्हणजे होय. म्हणजे अख्खा गाव संध्याकाळभर न तपासलेल्या मजकुराला होय होय म्हणत बसतो, हे प्रगतीला मारक आहे. सबब ठरलं की, "ग्रामपंचायतीच्या हद्दीत कोणीही, कोणाच्याही, कोणत्याही कथनास हूं, हं, हौ जी अथवा तत्सम ध्वनीद्वारे उत्तेजन देऊ नये." मधुकररावांनी ठराव वाचून सभेकडे पाहिलं. सभा म्हणाली, "हूं." ठराव सर्वानुमते मंजूर झाला. तो बंदीआधीचा आमच्या गावातला शेवटचा कायदेशीर हूं.

अंमलबजावणी धनीराम कोतवालाकडे आली. संध्याकाळी घराघराच्या भिंतीला कान लावून हिंडायचं, आणि हूं ऐकू आला की त्या माणसाचं नाव रविवारी भोंग्यावरून पुकारायचं. धनीराम गरीब माणूस. कान लावण्याआधी तो खाकरत असे.

परिणाम आश्चर्यकारक झाले. प्रथम वाघ आटले. आजोबा म्हणत, "अन् मी मांगं पायतो तं..." घर गप्प. मग आजोबाच मागं वळून बघत, आणि मागं काही नसे. आषाढ जवळ येईपर्यंत गावातला सरासरी वाघ बारा हातांवरून चार हातांवर आला. एका घरी तर तो रानमांजर निघाला, आणि पळाले होते ते आजोबा.

मग सोयरिकी. खुद्द मधुकररावांच्या मुलीला बघायला करडीहून पाहुणे आले. मधुकररावांनी नियम स्वतःच्या घरापासून पाळला, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच होतं. मुलाच्या वडिलांनी पान तोंडात टाकलं.

"पोरगा नागपूरले नोकरीवर हाय जी."

बैठक गप्प. सगळे त्यांच्या तोंडाकडे आदरानं पाहत होते.

"म्हंजे, होता."

पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

"म्हंजे लागणारच होता, पण मंग थो साहेबच बदलून गेला न."

आतून चहा आला. कोणीच काही म्हणेना. पाहुण्यांनी घाम पुसला आणि मधुकररावांना म्हणाले, "आता तुम्ही इतकं खोदून खोदून विचारून राहिले तं सांगतो जी. बांधीबी तलावाच्या वरच्या अंगाची हाय." सोयरीक मोडली. मधुकररावांनी याला ठरावाचं यश म्हटलं. त्यांच्या पत्नीनं काय म्हटलं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. पण हूं मनाई असल्यामुळं दुजोरा द्यायला कोणी तयार नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही बायका मंदाबाईच्या अंगणात जमलो. व्रताची कहाणी निभावली. तिच्यातला देव जुना आहे, त्याला वाट पाठ आहे. अक्षता वाहून झाल्या आणि मंदाबाईनं सवयीनं आपली गोष्ट सुरू केली.

"आमचा डोमा गेला तई म्हणे, मा, रोवण्याले येतो."

इथं हूं असतो. तो आला नाही. कुडाबाहेर धनीराम नुकताच खाकरला होता.

"दोन रोवणे झाले."

बायकांनी माना खाली घातल्या. शकुनबाई फुटाणे निवडू लागली. निवडायचे फुटाणे आधीच निवडलेले होते.

"चिट्ठी कायले नाही धाडत थो? लिवता येते त्याले. मंग काहून... म्हंजे थो..."

करडीचे पाहुणे ज्या 'म्हंजे'वरून घसरले तोच हा 'म्हंजे', हे मला दिसलं. त्यांच्या 'म्हंजे'च्या पलीकडे एक गेलेली नोकरी होती. हिच्या 'म्हंजे'च्या पलीकडे जे होतं तिकडे ती एकटीच पाऊल टाकत होती, आणि हातात काठी नव्हती.

मी हूं म्हटलं.

माझा आवाज मुळातच लहान. आरतीत शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही वाटतं मी नुसते ओठ हलवते. मंदाबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण तिचं पाऊल मागं आलं.

"म्हंजे काम जास्त असन तिकडं," ती म्हणाली. "यंदाच्या रोवण्याले येते आता."

कुडाबाहेरून धनीराम म्हणाला, "कोण हूं म्हटलं वं?"

"म्हैस होय जी," शकुनबाई म्हणाली.

"म्हैस हूं म्हणते?"

"तुमचा ठराव तिले वाचून नाही दाखवला न कोणी."

धनीराम पुन्हा खाकरला. मग म्हणाला, "तं मंग तिले म्हणा, जरा हळू म्हणत जाय." त्या रविवारी भोंग्यावरून एकही नाव पुकारलं गेलं नाही. पंचायतीत मात्र त्यानं एका म्हशीला समज दिल्याचं कळवलं.

पुढच्या आठवड्यात जीप आली. साहेब दरवर्षी येत, नकाशा पसरत आणि पुढच्या उन्हाळ्यात तलावाला नहर, म्हणजे कालवा, येईल असं सांगत. गाव 'हौ जी' म्हणे, साहेब जात. या वेळी गावानं ठराव पाळला. अडीचशे माणसं हात जोडून, डोळे न मिटता साहेबांकडे पाहत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात, असं म्हणून साहेब थांबले. मग म्हणाले, त्याच्या पुढच्या. मग पाणी मागितलं. अखेर टोपी काढून म्हणाले, "खरं सांगू का मंडळी, तो नकाशा तुमच्या गावचा नाहीच." जीप निघून गेली, पण त्या दिवशी धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

तातडीची सभा झाली. सत्य बाहेर येणं विकासाला घातक आहे याबद्दल दुमत नव्हतं. मधुकररावांनी नवा ठराव मांडला: हूं-बंदी रद्द, उलट साहेबांच्या भाषणाला प्रत्येक घरातून किमान एक हूं सक्तीचा. तो मंजूर झाला. नवा ठराव लागू होईपर्यंत जुनी बंदी चालूच, म्हणून तो मंजूर करताना सगळे नुसते मान हलवत होते.

त्याच सभेत एक ऐनवेळचा विषय आला. कारध्याचा केवळराम भिलाईकडच्या कामावरून परतला होता. तो मागं बसला होता, उठून काहीतरी बोलला. ते चारपैकी कोणत्या प्रकारात बसतं यावर एकमत झालं नाही. ते मंदाबाईला कोणी सांगावं यावर तर मुळीच झालं नाही. सबब विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला. तेव्हापासून तीनदा पंचायत बदलली. सरपंचांकडे टीव्ही आला; त्याला कोणी हूं म्हणो न म्हणो, तो बोलतच राहतो, म्हणून मधुकररावांना तो फार आवडतो. नहर पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे. विषय अजून पुढील सभेवरच आहे.

पंचायतीत दुपारी बोललेलं संध्याकाळी विहिरीवर येतं. केवळराम काय बोलला ते मलाही माहीत आहे. ते मी लिहिणार नव्हते.

पण वाचकहो, मी मघापासून सांगते आहे. अधूनमधून थांबलेही. तुमच्याकडून एकही हूं आला नाही. दोष देत नाही. छापलेल्याला हूं म्हणायची रीत नाही. पण समोरचं माणूस गप्प राहिलं की सांगणाऱ्याचं काय होतं ते करडीच्या पाहुण्यांनी दाखवलं, साहेबांनी दाखवलं. मी काही त्यांच्याहून मोठी नाही. म्हणजे... डोमा गेला त्याच उन्हाळ्यात परांचीवरून पडला. तो येणार नाही.

घ्या. इतकं खोदून खोदून विचारलंत तर सांगितलं. आता गावाला माहीत आहे तेवढं तुम्हालाही माहीत झालं, म्हणजे तुम्हीही त्या सभेचे सभासद झालात. कधी आमच्या गावी आलात, आणि एखादी पांढऱ्या केसांची बाई तुम्हाला पाणी देऊन 'आमचा डोमा' म्हणून सुरू झाली, तर तेव्हा तरी गप्प राहू नका. खोटं बोलल्याचं पाप लागेल अशी भीती वाटली तर मी व्रतस्थ बाई सांगते, लागत नाही. हूं म्हणजे होय नव्हे. हूं म्हणजे, पुढं चाल, मी आहे.

आज शुक्रवार. ऊन कललं. मंदाबाईनं अंगण सारवून सतरंजी टाकली असेल. मुठीत अक्षता घेतल्या आहेत, दार नुसतं ओढून घेते. यंदाचा रोवणा जवळ आला.