हरिदासचा निरोप

माणसाची खरी प्रगती चाकाच्या शोधापासून सुरू झाली आणि सायकल हा त्या प्रगतीचा कळस आहे, असं हरिदास खोब्रागडे यांनी जाहीर केलं. जाहीर केलं तेव्हा ते ऊर्जानगरमागच्या जंगलात एका नाल्यात पडले होते आणि कळस त्यांच्या अंगावर होता. श्रोत्यांत एक गुराखी आणि बरीच गुरं होती. गुरांनी माना हलवल्या.

हरिदास वीज केंद्राच्या भांडारात कारकून. वजन ब्याण्णव किलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी 'व्यायाम करा' म्हटलं होतं, ते त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पण शहाऐंशी सालच्या एका लग्नात सासरे देवाजीभाऊ चारचौघांत म्हणाले, "आमचे जवाईबापू म्हंजे धानाचं पोतं. ठेवलं तिथीच राह्यते." मांडव हसला. बायको सत्यशीला पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी हरिदासांनी ठरवलं, सासरी कोसमटोल्याला जंगलवाटेनं बावीस किलोमीटर सायकल मारत, पाय न टेकता जायचं आणि या म्हाताऱ्याच्या तोंडून 'शाबास' ऐकायचंच.

हिवाळ्यात पहिल्याच चढावर त्यांच्या छातीचा भाता फुटायचा. उन्हाळ्यात मोहफुलं वेचणाऱ्या बाया विचारायच्या, "बाबू, कुठी चालले?" "कुठीच नाई. असाच." बाया एकमेकींकडं बघायच्या. कामाशिवाय जंगलात सायकल मारणारा माणूस एक तर जंगलखात्याचा, नाही तर डोक्यानं गेलेला. आणि जंगलखात्याचा माणूस एवढा घाम गाळत नाही. पावसाळ्यात मडगार्डात काळी माती अशी रुतायची, की जाताना हरिदास सायकलवर असत आणि येताना सायकल हरिदासांवर. पण पुढच्या हिवाळ्यात काटा अठ्ठ्याहत्तरवर आला आणि चढ आपोआप मागं पडू लागले.

जानेवारीतल्या एका रविवारी 'जंगलात जातो' एवढीच चिठ्ठी ठेवून ते निघाले. भरदुपारी कोसमटोल्याला सासऱ्यांच्या अंगणात थांबले. बावीस किलोमीटर, एकदाही पाय न टेकता!

देवाजीभाऊ दोर वळत बसले होते. "जवाईबापू? एकटेच?"

हरिदासांनी नुसता हात वर केला. बोलायला दम उरला नव्हता. डोळ्यांत उतरलेला घाम त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला. सासूबाई ठमाबाई तांब्या घेऊन आल्या. दमल्यावर लगेच पाणी पिऊ नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हरिदासांनी मान हलवून तांब्या परत केला.

तांब्या ठमाबाईंच्या हातून खाली पडला.

कोसमटोल्यात भरदुपारी सायकलीवर एकटा, रिकाम्या हातानं येतो तो मौतीचा निरोप आणणारा. निरोप दिल्याशिवाय तो त्या घरचं पाणी घेत नाही. आणि सरळ तर कधीच सांगत नाही.

"माही पोरगी वो!" ठमाबाईंनी हंबरडा फोडला.

"नाई, नाई," हरिदास धापा टाकत म्हणाले, "सगळं... ठीक हाये."

"ठीक हाये म्हंते, माय!" शेजारच्या गुणाबाई ऊर बडवत आल्या. "माह्या भावाच्या वक्ती बी असंच म्हनले होते!"

"अवो, सत्यशीला घरीच हाये!"

"घरी आनली बी?" देवाजीभाऊ दोर टाकून उठले. "दवाखान्यातून कवा आनली?"

"तिले काहीच झालं नाई! मी सायकल चालवाले आलो! मजा म्हनून!"

ट्रॅक्टरवाला पत्रू हळूच म्हणाला, "धक्का बसला बिचाऱ्याले. मी ट्रॅक्टर काढतो."

पंधरा मिनिटांत ट्रॉलीत तीस माणसं, दोन टोपल्या झेंडूची फुलं आणि एक पांढरं कापड चढलं. आपण आधी पोचून सत्यशीलालाच पुढं उभी करावी, या विचारानं हरिदासांनी सायकल दामटली. पण पाय लटपटत होते. पहिल्याच चढावर ट्रॅक्टर पुढं गेला. त्याच्या धुळीत हरिदास डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले.

सत्यशीला ऊर्जानगरच्या क्वार्टरच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. दारात ट्रॅक्टर थांबला. आई-बाप रडतात, टोपल्यांत फुलं, वर पांढरं कापड, आणि नवरा सकाळी जंगलात गेलेला. सूप उडालं.

"सकाळचे जंगलात गेले ते! खाल्लं ना वाघानं त्यायले!" ती किंचाळली.

ट्रॉलीतलं रडणं जागच्या जागी थांबलं. ठमाबाईंनी खाली उतरून लेकीला चिमटा काढला. लेक ओरडली. म्हणजे जिवंत होती.

"पोरगी त धडधाकट हाये," पत्रू म्हणाला. "मंग मौत कोनाची?"

"जवाई सकाळीच गेले म्हंते हे पोरगी," गुणाबाईंचा आवाज बारीक झाला. "त मंग दुपारी आपल्याकडे कोन आलं होतं? पानी बी नाई घेतलं त्यानं!"

"आपल्यात भूत मानत नाईत," देवाजीभाऊ ठामपणे म्हणाले आणि ट्रॉलीच्या मागं सरकले.

त्याच वेळी वळणावरून आवाज न करता एक पांढरीफटक आकृती सायकलीवर आली. गुणाबाईंनी झेंडूची अख्खी टोपली तिच्यावर रिकामी केली. आकृती शिंकली.

सत्यशीलानंच पुढं होऊन तिच्या मानेला हात लावला. "घाम हाये. हेच हायेत."

मग चहा झाला. रडणं झालं होतं, आता हसणं झालं. हरिदास कोपऱ्यात बसून केसांतली फुलं काढत होते. देवाजीभाऊ उठले. त्यांनी सायकलीचं चाक दाबून पाहिलं, मग जावयाच्या पोटऱ्या निरखल्या.

"बावीस जाताना, बावीस येताना?"

"हो."

"सायकलीनंच?"

"सायकलीनंच." हरिदास फुलं टाकून ताठ बसले.

"जवाईबापू, एक म्हनू?"

"म्हना ना, मामाजी."

"आमी आता मुक्कामालेच राह्यतो. पन घाईत तुमच्या सासूच्या कोंबड्या मोकळ्याच राह्यल्या. दिवस बुडायच्या आत तेवढ्या डालून येता का?"