अध्यक्षांच्या नावाचा जिवाणू

संस्थेच्या नियमावलीप्रमाणे, नाव नसलेला जिवाणू अस्तित्वात नसतो. तो काचेच्या बशीत पिवळे ठिपके होऊन डोळ्यांदेखत वाढत असला, तरी नसतो. संशोधक बाईंचा जिवाणू असा सहा वर्षं नव्हता.

तो त्यांना सापडला शहराबाहेरच्या दलदलीच्या तळ्यात. शहराची निम्मी घाण त्या तळ्यात यायची, हा बहाद्दर ती खाऊन पाणी नितळ करायचा आणि तेच पाणी पुढे शहराच्या नळांना जायचं. बाईंनी त्याची जनुकं जगभरच्या भाईबंदांशी ताडून पाहिली. कोणाशी नातं जुळेना. नखरे मात्र भारी. दुसऱ्या कुठल्या पाण्यात ठेवला की चार दिवसांत मान टाकायचा. म्हणून दर सोमवारी बाई स्वतः कॅन घेऊन तळ्यावर जायच्या. कायद्याचं एक कलम त्यांना पाठ होतं: नोंदणीकृत दुर्मिळ प्रजाती जिथे राहते, ते तळं बुजवता येत नाही. म्हणजे एकदा नाव लागलं की जिवाणूही वाचला आणि तळंही.

बाईंनी तळ्याचंच नाव सुचवलं. संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तळ्याला काय त्याचं कौतुक? माणसाचं द्या. कोणाचं, ते मी सांगणं बरं दिसत नाही."

अडला हरी! बाईंनी संचालकांचं नाव लिहून दिलं. महिन्याभराने प्रस्ताव परत आला. अध्यक्ष हयात असताना हाताखालच्या माणसाचं नाव आधी लागलं तर सेवाज्येष्ठता बिघडते, असा शेरा होता. मग अध्यक्षांचं नाव आलं. त्यावर विचार करायला नामकरण समिती बसली, ती बसलीच.

"खातो काय हा?" एका सदस्याने विचारलं.

"घाण," बाई म्हणाल्या.

"अध्यक्षांच्या नावाने घाण खाणार?"

"अहो, ती खाऊन पाणी स्वच्छ करतो तो."

"करत असेल. तुम्ही 'काही खात नाही' असं लिहा."

"मग जगतो कशावर?"

"आपण सगळे कशावर जगतो? अनुदानावर. लिहा."

पुढच्या बैठकीत जिवाणूचा चारित्र्याचा दाखला मागवण्यात आला. तो जातीने हजर राहू शकत नसल्याने बाईंनीच दोन प्रतींत सादर केला: आजवर कोणाला आजारी पाडलेलं नाही, कोणत्याही पक्षाशी संबंध नाही, एकाचे दोन होताना वरिष्ठांची परवानगी घेत नसे, यापुढे घेईल.

याच सुमारास हेडक्लार्क सह्यांची फाईल घेऊन आले. त्यात एका ओळीचं पत्र होतं: 'सदर तळ्यात कोणतीही नोंदणीकृत दुर्मिळ प्रजाती आढळून आलेली नाही.'

"हे कशाला?"

"नेहमीचंच हो. बांधकाम खात्याने विचारलंय."

"पण आहे ना तिथे!"

"नोंदणीकृत आहे का?"

"अजून नाही, पण..."

"मग वाक्यात खोटं काय आहे ते दाखवा. आणि उगाच वरच्यांना दुखवलंत, तर समिती पुढच्या वर्षीच भरेल."

बाईंनी पत्र तीनदा वाचलं. एक शब्द खोटा नव्हता. जन्मभर अचूक लिहायची सवय, तीच नडली. त्यांनी सही केली.

त्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी बाई कॅन घेऊन गेल्या, तर तळ्याच्या जागी मुरूम होता आणि त्यावर रोलर फिरत होता. नव्या कोऱ्या फलकावर लिहिलं होतं, 'तळ्याकाठची घरं'. बाई तिथेच रडायला लागल्या. रोलरवाला बिचारा खाली उतरला. "पाणी हवंय का, बाई? साडेअकराला टँकर येईल."

बशीतले ठिपके गुरुवारपर्यंत गेले. शुक्रवारी नाव मंजूर झालं.

"साहेब, तो मेला," बाई म्हणाल्या.

"अध्यक्षांच्या नावापुढे 'मेला' लिहिणार? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" संचालक ओरडले.

तेव्हापासून दर सोमवारी बाई रिकामी बशी पुसतात आणि नोंदवहीत लिहितात: 'प्रकृती उत्तम.'

परवा त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला. त्याने त्या 'तळ्याकाठच्या घरां'तच चौथ्या मजल्यावर घर घेतलंय.

"अगं, नळाला काय घाण वास मारतोय! तुमच्याकडे काही इलाज आहे का गं?"

"होता. दादा, घर घेताना तिथे आधी काय होतं, ते विचारलं होतंस?"

"त्यात काय विचारायचं? गॅलरी ऐसपैस आहे ना, एवढं बघितलं."

बाई आणखी बोलणार काय, सही त्यांचीच होती.

दादाला हसलात ना? हसा, हसा. तुमची गॅलरी केवढी आहे?